अर्धा विलाप

"मेलेलं माणूस आण, मग रडते," असं म्हणून सोर्चा पुन्हा बटाटे सोलायला लागली.

मी बॅटरीवरचा टेपरेकॉर्डर बंद केला. तीन आठवड्यांत हे उत्तर मला चौथ्यांदा मिळत होतं.

"सगळं नको," मी म्हणालो. "बायका विलापाची सुरुवात कशी करायच्या तेवढंच सांगा. दोन ओळी."

"रडणं असं काढून दाखवतात का? तुझ्या देशात दाखवत असतील."

"आमच्याकडेही नाही दाखवत."

"मग?" तिनं सोललेला बटाटा पातेल्यात टाकला. "माझ्यासमोर कोणी पडलेलं नसताना मी रडले, तर ते कोणासाठी होईल? कोणाच्या तरी नावावर ते जाणारच. तुझ्या जाऊ दे की तू राहतोस त्या पॅड्रिगच्या?"

ही गोष्ट १९६३च्या ऑक्टोबरातली. आयर्लंडच्या पश्चिमेला, किनाऱ्यापासून होडीनं दोन तासांवर, इनिशरोन नावाचं बेट आहे. तेव्हा तिथं एकतीस घरं होती. वीज नव्हती, झाडही नव्हतं. दलदलीतली काळी माती विटांसारखी कापून वाळवायची आणि तीच चुलीत घालायची. तिचा धूर कपड्यांत बसतो तो महिनोन्महिने जात नाही.

मी मूळचा पारोळ्याचा, खानदेशातला. पुण्यात भाषाशास्त्र शिकलो, शिष्यवृत्ती मिळाली आणि डब्लिनला गेलो. तिथल्या प्रोफेसर केनींनी मला गेलिक शिकवली. ती आयर्लंडची जुनी भाषा. इंग्रजीपुढे ती मागं हटत हटत पश्चिमेच्या काठावर आणि बेटांवर उरली होती. बोलणारे म्हातारे होते आणि दर हिवाळ्याला कमी होत होते. त्यांच्या तोंडची गाणी, कहाण्या, वंशावळी टेपवर घ्यायच्या, एवढ्यासाठी केनींनी मला बेटावर पाठवलं. जाताना ते म्हणाले होते, "बाकी काही नाही मिळालं तरी चालेल. विलाप मिळव."

जुन्या काळी त्या बेटांवर माणूस गेलं की बायका प्रेताभोवती बसत. त्यातली एक जाणती बाई त्या माणसाला नावानं हाक मारी, त्याचा बाप, आजा, त्याचे गुण, त्याचं घर, सगळं ओळींत गुंफून रडत म्हणे. बाकीच्या तिच्यामागून सूर धरत. पुढं चर्चनं ते बंद पाडलं. पाद्री म्हणत, हे ख्रिस्ती माणसाला शोभत नाही. ज्यांनी ते स्वतः केलं होतं त्यांच्यातली एकटी सोर्चा उरली होती. वय ब्याऐंशी.

बाकी तिनं मला काहीही नाकारलं नाही. चौसष्ट कहाण्या सांगितल्या. लोणी काढतानाची गाणी म्हटली. तिच्या घराण्याची सात पिढ्यांची नावं मी वहीत उतरवून घेतली होती, कोण कुठं बुडालं आणि कोण अमेरिकेला गेलं त्यासकट. त्यांच्या भाषेत 'तुम्ही' असं मानाचं काही नाही, सगळे एकमेकांना एकेरीच. पण मला तिचं बोलणं मराठीत आठवतं, आणि मराठीत मी तिला 'तुम्ही'च म्हणत असतो.

मी तिला आवडत असे. सावळा पोरगा, इंग्रजी धाटणी न लावता तिची भाषा बोलणारा. ती अधूनमधून माझ्या घरचं विचारी. मी एका वाक्यात उत्तर देऊन तिला पुन्हा कहाणीवर आणत असे. टेप मोजक्या होत्या.

मी पॅड्रिगच्या घरी राहत होतो. पॅड्रिग बेटाचा पोस्टमन आणि होडीवालाही तोच. समुद्र चार दिवस खवळलेला होता, म्हणून टपाल आलं नव्हतं. पाचव्या दिवशी सकाळी तो किनाऱ्यावर जाऊन दुपारच्या आत परत आला. मी खिडकीशी बसून आदल्या दिवशीची टेप ऐकत उतरवून घेत होतो. तो दारात उभा राहिला आणि त्यानं टोपी काढली. घरात शिरताना त्याला टोपी काढताना मी कधी पाहिलं नव्हतं.

"तुझी तार आहे," तो म्हणाला. "डब्लिनहून पुढं पाठवलीय. तीन दिवस तिकडच्या पोस्टात पडून होती. समुद्रानं अडवलं, माझा इलाज नव्हता."

तार माझ्या मेहुण्यांची होती, धुळ्याहून केलेली. माय नऊ तारखेला गेली, सगळं उरकलं, काळजी करू नये, एवढंच. त्या दिवशी चौदा तारीख होती.

मी तार घडी करून वहीत ठेवली.

"माझी आई गेली," मी पॅड्रिगला त्याच्या भाषेत सांगितलं. त्या भाषेत हे वाक्य जरा अवघड आहे. ते मी बरोबर म्हटलं, हे माझ्या लक्षात आलं. आज इतक्या वर्षांनंतरही ते लक्षात आल्याचं आठवतं.

पॅड्रिगनं भिंतीवरच्या घड्याळाचा लंबक हातानं धरून थांबवला. मग दार सताड उघडून त्याला दगड लावला. त्याच्या बायकोनं काही न बोलता मोठी किटली चुलीवर चढवली.

"काय करताय?" मी विचारलं.

"लोक येतील," पॅड्रिग म्हणाला.

"इथं कोण येणार? तिला कोणी ओळखतसुद्धा नाही."

"तुला ओळखतात ना."

आणि लोक आले. तासाभरात एकतीस घरांतून कोणी ना कोणी येऊन गेलं. पुरुष हात धरायचे, तुझ्यावर वाईट वेळ आली म्हणायचे, भिंतीला टेकून बसायचे. बायका चहा प्यायच्या. मी सगळ्यांचे आभार मानत होतो. मला रडू येत नव्हतं. येईल असं वाटत होतं, म्हणून मी त्याची वाटही पाहत होतो.

तिसऱ्या प्रहरी सोर्चा आली. गुडघ्यांमुळे ती वर्षभरात घराबाहेर पडली नव्हती. पॅड्रिगच्या घरापर्यंत चढ आहे. काठी टेकत, दोन शेजारणींच्या आधारानं ती चढून आली होती आणि तिला धाप लागली होती. काळी शाल तिनं डोक्यावरून घेतलेली. बसल्याबरोबर तिनं मला जवळ बोलावलं.

"तुझ्या आईसाठी कोणी रडलं का?"

"बहीण असेल जवळ. शेजारपाजार असेल."

"तू?"

मी तिच्यासाठी चहा ओतायला किटली उचलली.

"बरं," ती म्हणाली. "तिची काही वस्तू आहे तुझ्यापाशी? अंगावरची, हातातली, काहीही. मला समोर काहीतरी लागतं."

माझ्याजवळ मायचा फोटोदेखील नव्हता. मी खोलीत जाऊन पिशवी उलटी केली. तळाशी एक पांढरा सदरा होता, मी निघायच्या आधी तिनं शिवलेला. तिकडच्या थंडीत त्याचा उपयोग नव्हता, म्हणून तो घडीचाच राहिला होता. तो मी आणून दिला.

सोर्चानं पॅड्रिगच्या बायकोला टेबल रिकामं करायला सांगितलं. त्यावर तिनं सदरा पसरला. बाह्या सरळ केल्या, गळ्याचं बटण लावलं. शेजारणी दोन बाजूंना बसल्या. घरातले पुरुष उठून उभे राहिले.

"नाव?"

"अनसूया."

"अनासू," ती म्हणाली. तिनं ते तीन-चारदा हळू म्हणून पाहिलं. "कोणाची लेक? बापाचं नाव काय?"

मला आठवेना. मायचा बाप माझ्या जन्माच्या आधी गेला होता. घरात त्याला सगळे नानाबाबा म्हणत. त्याला खरं नाव असेल हे माझ्या कधी मनातच आलं नव्हतं.

"माहीत नाही."

"आईचं?"

"तेही नाही."

भिंतीशी कोणीतरी खाकरलं. सोर्चा माझ्याकडे पाहत राहिली, पण रागानं नाही.

"मुलं किती झाली तिला?"

"दोन. मी आणि मोठी बहीण." मग मला आठवलं. "आमच्यामध्ये एक होता. तो लहानपणीच गेला."

"त्याचं नाव?"

मी मान हलवली.

"कशावर घर चालवलं तिनं?"

हे मला येत होतं. वडील शिंपी होते. मी सहा वर्षांचा असताना ते गेले. मग माय त्यांच्या मशीनवर बसली. गावातल्या बायकांच्या चोळ्या, पोरांचे सदरे, सगळं शिवायची. माझं पुण्याचं शिक्षण त्या मशीनवर झालं. मी हे भराभर सांगितलं. परीक्षेत एक तरी प्रश्न यावा तसं मला सुटल्यासारखं झालं होतं.

"ती तुझ्याशी कुठल्या भाषेत बोलायची? तू सांगतोस त्या मराठीत?"

"नाही. अहिराणीत. आमच्या भागातली बोली आहे."

"आणि तू तिच्याशी?"

"शाळेत जायला लागल्यावर मराठीतच. अहिराणीला पोरं हसायची."

"तिनं तुला रोज म्हटलेलं काही सांग. तिच्या भाषेत."

"जेवना का रे भाऊ," मी म्हणालो. "म्हणजे, जेवलास का."

सोर्चानं तेही तोंडात घोळवलं. मग विचारलं, "ती कशाला हसायची?"

मी बराच वेळ आठवत राहिलो. ती हसायची हे नक्की. कशाला, ते मला सांगता आलं नाही.

सोर्चा पुढं वाकली. तिनं सदऱ्याची कॉलर उलटून पाहिली, मग बाहीची आतली शिवण बोटानं चाचपली, डोळ्यांजवळ नेऊन पाहिली. काखेखाली तिचं बोट थांबलं. "पुरेल," ती म्हणाली. "उरलेलं हिच्याकडूनच घेते."

आता मी काय केलं ते सांगतो. मी खिडकीकडे गेलो, टेपरेकॉर्डर उचलला, टेबलाच्या टोकाला ठेवला, चढवलेली टेप काढून नवी कोरी चढवली आणि बटण दाबलं. मला कोणी अडवलं नाही. तीन आठवडे ते यंत्र सगळ्यांच्या नजरेत बसलं होतं. सोर्चाचे डोळे मिटलेले होते. आवाज नीट येतोय की नाही ते दाखवणारी एक छोटी सुई असते, ती मी पाहत होतो.

सुरुवात अगदी खालच्या आवाजात झाली. मी तोवर वाचलेल्या कुठल्याच वर्णनासारखी ती नव्हती. ती आधी नुसती बोलली, शेजारणीशी बोलावं तशी. मग तिचं अंग हलायला लागलं आणि बोलण्याला सूर आला. त्या ओळी मला पाठ आहेत. आपल्या भाषेत त्या साधारण अशा:

"अनासू, बाई गं, तुझा उंबरा मी पाहिला नाही,
तुझ्या विहिरीचं पाणी प्यायले नाही,
तुझ्या बापाचं नाव मला कोणी दिलं नाही,
तरी उठ, तुझ्या लेकाच्या दाराशी माणसं आलीत.

सहा वर्षांचं पोर आणि बंद पडलेलं मशीन,
तू कोणाकडे हात पसरला नाहीस, पाय चालवलेस.
गावभर तुझे टाके हिंडतात, अनासू,
आणि तू मात्र आडवी झालीस.

जेवना का, म्हणायचीस तू,
आता कोण विचारील त्याला?"

'जेवना का' तिनं अहिराणीतच म्हटलं. तिच्या जिभेवर ते वाकडं झालं होतं, तरी ओळखू आलं. शेजारणींनी सूर धरला. पॅड्रिगची बायको पदराखाली, म्हणजे तिच्या ॲप्रनखाली, तोंड झाकून रडत होती. पॅड्रिग भिंतीकडे तोंड करून उभा होता. माझ्या छातीत काहीतरी वर यायला लागलं होतं. मी ते ओळखलं, आणि पुन्हा सुईकडे पाहिलं.

सोर्चानं सदऱ्याची काखेखालची शिवण दोन बोटांत धरली. पोरगं वाढणार, परदेशी जाऊन अंगानं भरणार, म्हणून तू आत कापड राखून ठेवलंस, असं काहीसं ती म्हणत होती. त्या राखून ठेवलेल्या कापडाला तिनं एक शब्द वापरला. तो मी कधी ऐकला नव्हता. कुठल्याही शब्दकोशात नव्हता, हे मला तिथल्या तिथं कळलं.

"तो शब्द," मी म्हणालो, "तो शब्द पुन्हा एकदा सांगाल?"

सूर थांबला. आधी सोर्चाचा, मग शेजारणींचा.

तिनं डोळे उघडले. आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हाताकडे. माझ्या हातात पेन्सिल होती. ती मी केव्हा घेतली ते मला माहीत नाही. मग तिनं फिरणाऱ्या चकत्यांकडे पाहिलं.

"चालू आहे ते?"

"हो."

तिनं तोंडावरून हात फिरवला. एकदम दमल्यासारखी दिसायला लागली.

"मला वाटलं, मी तुझ्या आईसाठी रडतेय," ती म्हणाली. "तू तर शाळेत बसलायस."

"मला तसं नव्हतं—"

"मी रागावले नाही. पण आता मला पुढचं येणार नाही. ते तुटलं." तिनं सदऱ्याची घडी घातली आणि माझ्या हातात दिली. "अर्धंच झालंय. उरलेलं तू घरी जाऊन म्हण. तुझ्या बोलीत."

शेजारणींनी तिला उठवलं. उतारावरून ती दिसेनाशी होईपर्यंत मी दारात उभा होतो. आत येऊन बटण बंद केलं. त्यामुळे टेपच्या शेवटी बराच वेळ नुसता वारा आहे, आणि कपबश्या आवरल्याचा आवाज.

पुढचे आठ दिवस मी बेटावर होतो. रोज सोर्चाकडे जात होतो. ती चहा द्यायची, हवापाण्याचं बोलायची. मी यंत्र नेत नव्हतो. निघताना तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि पुन्हा ये म्हणाली.

प्रोफेसर केनींनी टेप ऐकली आणि उठून माझा हात हातात घेतला. असं ध्वनिमुद्रण आपल्या संग्रहात दुसरं नाही, ते म्हणाले. मी मध्ये बोललो त्याबद्दल त्यांनी नापसंती दाखवली, पण शब्दाबद्दल विचारलं हे बरोबरच केलं म्हणाले. माझा प्रबंध त्या टेपवर उभा राहिला. त्यात अनसूयेचा उल्लेख 'मृत व्यक्ती : स्त्री, वय अंदाजे साठ, बेटाबाहेरील' असा आहे.

पुढच्या वर्षी डिसेंबरात पॅड्रिगचं पत्र आलं. सोर्चा अंथरुणाला खिळली आहे, शिंपिणीचा मुलगा कधी येणार असं विचारते, जमलं तर ये. फेब्रुवारीच्या दहा तारखेला प्रबंध द्यायचा होता. त्यानंतर लगेच येतो, असं मी कळवलं. फेब्रुवारीच्या तीन तारखेला ती गेली.

मी परत येऊन पुण्याला नोकरी धरली. त्या टेपची एक प्रत बरोबर आणली होती, पण घरात कोणाला ऐकवली नाही. ऐकवली ती एकवीस वर्षांनी. माझी मोठी बहीण मथुराताई धुळ्याहून डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे आली होती. एका दुपारी दोघंच घरी होतो. डोळ्यांवर पट्टी, वाचायला नाही, शिवायला नाही, म्हणून ती कंटाळली होती. मला म्हणाली, तू तिकडून गाणी आणली होतीस ना, ती लाव.

मी लावली. का लावली ते सांगता येत नाही. तिला दिसत नव्हतं, म्हणूनही असेल.

ती ऐकत राहिली. भाषा कळायचा प्रश्नच नव्हता. पण 'अनासू' आल्यावर तिनं मान वर केली. दुसऱ्यांदा आल्यावर तिनं माझा हात शोधून धरला. 'जेवना का' आलं तेव्हा ती रडायला लागली. डॉक्टरांनी रडू नका म्हणून बजावलं होतं. मी यंत्र बंद करायला गेलो, तर तिनं हात सोडला नाही. मग माझा आवाज आला. सव्विसाव्या वर्षीचा, स्वच्छ, शांत. आणि पाठोपाठ सगळं थांबलं.

"हाई कोन बोलनं रे?" ताईनं विचारलं. हे कोण बोललं? ती माझ्याशी जन्मभर अहिराणीच बोलली; इथं बरंचसं मी मराठीत सांगतोय.

"मी."

"काय म्हणालास?"

मी तिला सांगितलं. टेबल, सदरा, तिचे प्रश्न, मला न आलेली उत्तरं, सुई, पेन्सिल, काहीही न वगळता. ऐकून झाल्यावर म्हणाली, "नानाबाबांचं नाव तुकाराम होतं. आपल्या मधल्याचं नाव विठ्ठल. अकरा महिन्यांचा होता." थोड्या वेळानं म्हणाली, "माय हसायची ती तुझ्या चालण्याला. तू लहानपणी हात मागं बांधून मास्तरासारखा चालायचास. तू पुण्याला गेल्यावर शेजारणींना चालून दाखवायची."

तिनं यंत्राच्या दिशेनं तोंड वळवलं.

"ती बाई आहे का अजून?"

"नाही. सव्वा वर्षानं गेली." आणि मग पॅड्रिगच्या पत्राचंही मी सांगून टाकलं.

ताईनं पट्टीच्या कडेनं ओघळलेलं पाणी लुगड्यानं टिपलं. यंत्रावर नुसता वारा चालू होता.

"मंग तिनासाठे कोन रडनं रे भाऊ?"

पॅड्रिगनं ते नंतरच्या पत्रात लिहिलं होतं. पाद्री आला, प्रार्थना झाली, बायका होत्या पण कोणाला काही येत नव्हतं. सगळे गप्प बसून होते. त्या दिवशी मी डब्लिनला एका खोलीत तिच्या सात पिढ्यांची नावं टाइप करत होतो.

"कोन्हीच नही," मी म्हणालो.